डेन्मार्कची उजवी बाजू

माझा नवरा नोएडात काय काम करतो, हे मला चार वर्षांत ऑफिसमध्ये एकदाही धड सांगता आलेलं नाही. म्युझिक कंपनीत आहे म्हटलं की समोरच्याला वाटतं, गातो. सुधन्वा गात नाही. तो गाणी ऐकतो आणि प्रत्येक गाण्याचा फॉर्म भरतो. बाई गातेय की पुरुष, भाषा कुठली, वाद्यं कोणती, त्यातलं डाव्या बाजूला काय, उजव्या बाजूला काय, आणि शेवटी गाण्याचा मूड. मूडसाठी चौदा शब्दांची यादी आहे, त्यातला एक निवडायचा. दिवसाला तीस गाणी. हे सगळं कुठल्याशा मशीनला शिकवण्यासाठी चाललंय, आणि मशीन शिकलं की शिकवणाऱ्यांना नारळ मिळणार, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मन लावून शिकवतात बिचारे.

त्याआधी तो रेकॉर्डिस्ट होता. करोल बागेतल्या एका तळघरात बावीस वर्षं त्याने रेडिओच्या जाहिराती आणि निवडणुकीची गाणी रेकॉर्ड केली. लॉकडाऊननंतर स्टुडिओ बंद पडला. आता त्या तळघरात यूपीएससीची मुलं भूगोल शिकतात. पन्नाशीला आलेल्या रेकॉर्डिस्टला दिल्लीत कोण विचारतंय? नोएडाचं काम मिळालं तेव्हा विमानतळाजवळच्या आमच्या द्वारकेहून रोज जाऊन-येऊन तीन तास मेट्रोत जातील, हे आम्ही दोघांनीही एकमेकांपाशी बोलून दाखवलं नाही.

त्याला कानांचा माज होता. दुसरा शब्द मला सापडत नाही. कुणाच्या घरी गेला की पंखा बंद करायला लावून सांगायचा, तुमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर जाणार आहे. जायचाही. सोसायटीच्या जिन्यात चपला वाजल्या की तिसऱ्या मजल्यावरचे वर्मा आलेत की त्यांचा भाऊ, हे दार न उघडता सांगायचा. लग्नात डीजे लावला असेल तर हा पानावरून उठायचा आणि मला यजमानांची माफी मागत फिरावं लागायचं. सुरुची, आमची मुलगी, लहानपणी म्हणायची, ‘पप्पांसमोर चिप्स खाणं म्हणजे गुन्हा आहे यार.’ ती आता पुण्याला शिकते, तिथे सुखाने चिप्स खात असेल.

दर चौदा जानेवारीला आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते. माइक आणि स्पीकर बघायचं काम ठरल्याप्रमाणे सुधन्वाकडे. या वर्षी भाषणं चालू असताना मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब त्याच्या शेजारी उभे राहून आवाज कमी करा म्हणून दोनतीनदा सांगत होते आणि हा समोर बघून हसत उभा होता. परतताना भाऊसाहेब माझ्याकडे येऊन म्हणाले, तुमचे यजमान फार मोठे झालेत हल्ली, आमच्याकडे लक्ष नसतं त्यांचं. मी सारवासारव केली, पण भाऊसाहेब त्याच्या उजव्या हाताला उभे होते, हे माझ्या डोक्यातून जाईना. बसमध्ये मी मुद्दाम त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हटलं, ‘तुझ्या कॉलरवर पाल आहे.’ पाल म्हटलं की खुर्चीवर चढणारा माणूस तो. शांतपणे खिडकीबाहेरची मोहरीची शेतं बघत राहिला.

घरी आल्यावर मी सरळ विचारलं. त्याने आधी चहा मागितला, मग कबूल केलं. उजवा कान गेल्या दिवाळीपासून गेल्यात जमा होता. डाव्यावर भागतंय म्हणाला. डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं तर म्हणाला, मार्चअखेर कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल आहे, त्याआधी कागदावर काही नको. दोन्ही बाजू एकाच कानात ओतायची सोय लॅपटॉपमध्ये असते म्हणे, त्याने तीही करून पाहिली होती. पण मग डावं कुठलं नि उजवं कुठलं तेच कळत नाही, आणि तो रकाना रिकामा ठेवता येत नाही.  तिसऱ्या दिवशी मी कणीक मळत असताना तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

‘उत्तरा, उजवी बाजू तू ऐकशील का? मूडबिड मी बघतो. तू फक्त सांग, तिकडे काय वाजतंय.’

मी म्हटलं, मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, शिवाय हे चक्क लबाडीचं काम आहे. सरकारी नोकरीत सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईला तू काय करायला सांगतोयस, बघ जरा. त्यावर तो एवढंच म्हणाला की आवाजाशी संबंध उरेल असं हे त्याचं शेवटचं काम आहे. यानंतर सोसायटीच्या गेटवर रजिस्टर घेऊन बसायचं. मी हात धुतले आणि हो म्हटलं. रागच आला होता मला, पण रागाचं काय, तो रोजच कशाचा ना कशाचा असतोच.

असं आमच्या घरात डेन्मार्क आलं. त्याच आठवड्यात त्याच्याकडे गाण्यांचा नवा गठ्ठा आला होता, बाराशे गाणी, सगळी तिकडची. काही गिटारवाल्या पोरांची, घरच्या घरी रेकॉर्ड केल्यासारखी, काही दणदणीत रॉक, आणि उरलेली इलेक्ट्रॉनिक, ज्यांत वाद्य असं काही नसतंच, नुसते यंत्रांतून काढलेले आवाज. मला डेन्मार्क म्हटलं की बिस्किटांचा तो निळा गोल डबा तेवढा माहीत. आमच्या डब्यात सुईदोरा आहे.

सकाळी सहाला मी उठायची, कुकर लावायची आणि जेवणाच्या टेबलाशी येऊन बसायची. एकच वायरवाला इअरफोन. डावं बोंडूक त्याच्या कानात, उजवं माझ्या. पावणेआठपर्यंत पंधरा-वीस गाणी व्हायची, बाकीच्यांचे जमतील ते रकाने तो ऑफिसात भरायचा आणि उजव्या बाजूसाठी ती संध्याकाळी माझ्यापुढे आणायचा. शनिवार-रविवार तर अख्खी सकाळ त्यातच. वरून विमान गेलं की गाणं थांबवायचं. द्वारकेत राहणारा माणूस तसाही वाक्य अर्धं सोडून विमान जाऊ देतो.

सुरुवातीला मी फाइलवर नोट टाकावी तसं सांगायची. उजवीकडे खुळखुळा. उजवीकडे बाई, काहीतरी पुटपुटते. उजवीकडे पत्रा वाजवतात, कारण माहीत नाही. त्यांची भाषा तर मजेशीर, प्रत्येक शब्दाचा शेवट गिळून टाकतात, आमचे डायरेक्टर फोनवर बोलतात तसं. सुधन्वा माझ्याकडे बघून टाइप करत राहायचा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, इतका वेळ माझ्याकडे बघत तो कधी बसला नव्हता. खोटं कशाला सांगू, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मी टेबलाशी यायच्या आधी केस विंचरायला लागले.

आणि हळूहळू ती गाणी मला आवडायला लागली. का, ते सांगता येत नाही. कुणी त्यांत गळा काढत नाही. एक बाई होती, तिचं गाणं म्हणजे दुपारी रिकाम्या घरात आपण स्वतःशीच बोलतो तसं. एका पोराचं गाणं इतकं सावकाश चालायचं की मध्येच मला वाटलं, नेट गेलं. दिवसभर हिंदीत फाइली आणि इंग्रजीत बोलणी, घरी आलं की भाजी काय करायची हा प्रश्न, त्यात कुणीतरी न कळणाऱ्या भाषेत आपल्याकडून काहीही न मागता गात राहतं, याचं बरं वाटायचं. एका सोमवारी मी त्यातलंच एक गाणं फोनवर शोधून मेट्रोत ऐकलं, दोन्ही कानांनी. लेडीज डब्यात उभी होते. उजव्या बाजूचं ते पुटपुटणं मला पाठ होतं, पण डावीकडून दुसरी बाई तिला उत्तर देत होती. दोघींचं मिळून एक गाणं होतं. मी दोन आठवडे त्यातली एकच ऐकत होते, आणि तो दुसरीच. राजीव चौक आलं तरी मी उतरले नाही, मंडी हाऊसपर्यंत गेले, आणि मला रडू आवरलं नाही. शेजारच्या मुलीने पाण्याची बाटली पुढे केली.

घरी मी हे काही बोलले नाही. मी दोन्ही बाजू ऐकून आले, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगणार?

मार्चचा शेवट आला. एका रविवारी सकाळी सुधन्वा दूध आणायला खाली गेला होता आणि लॅपटॉपवर त्याच्या टीम लीडरचा मेसेज येऊन पडला. तनया तिचं नाव, नागपूरची, सव्वीस वर्षांची पोरगी, त्याला सर म्हणते. मी वाचला. वाचायला नको होता, पण आता त्या कामातलं कुठलं काम माझं नव्हतं? तिने लिहिलं होतं की डॅनिश गठ्ठा तपासून झाला. उजव्या बाजूच्या नोंदी एकदम अचूक आहेत, इतक्या अचूक की तिने टीमला दाखवल्या. डाव्या बाजूच्या बऱ्याच चुकल्या आहेत. आणि मूड कळत नाहीये. बाराशेपैकी नऊशे गाण्यांना सरांनी ‘थकलेलं’ दिलंय. त्यात नाचायची गाणी आहेत, एक तर लहान मुलांचं वाढदिवसाचं आहे. सगळा देश थकलेला कसा असेल, सर? रिन्यूअल त्यावर अडलंय, उद्या ऑफिसला येऊन माझ्यासमोर दहा गाणी करून दाखवाल का?

तो वर आला तेव्हा मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवून ठेवला होता. त्याने दुधाची पिशवी टेबलावरच ठेवली आणि वाचलं. मी चिडलेच होते. म्हटलं, खुळखुळा म्हटलं मी, पत्रा म्हटलं, थकलेलं कधी म्हटलं? नाचाच्या गाण्याला थकलेलं लिहायला तुझं लक्ष कुठे होतं?

तो खुर्चीत बसला. मग हळू आवाजात म्हणाला, ‘डावाही गेलाय, उत्तरा. फेब्रुवारीपासून. ठोके तेवढे कळतात, बाकी काही नाही. तू बोलतेस ते ओठांवरून लावतो.’

‘मग तू मूड कसा लिहीत होतास?’

‘तुझ्याकडे बघून.’

मला आधी हसूच यायला लागलं होतं, ते मध्येच अडकलं. नऊशे गाणी. सकाळी सहाचा माझा चेहरा, कुकरच्या शिट्ट्या मोजणारा, सव्वाआठची मेट्रो गाठायची म्हणून घड्याळाकडे बघणारा, आणि हा तो वाचून डेन्मार्कच्या नावावर टाकत होता. केस विंचरून बसायची मी. लाज वाटली मला, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण जानेवारीतच त्याला ओढून डॉक्टरांकडे नेलं असतं तर, हा विचार आला आणि मग तो हलेचना.

‘तू इतकी दमलेली असतेस, हे मला माहीत नव्हतं,’ तो म्हणाला. ‘आधी वाटलं, गाणंच तसं असेल.’

मी उठून दूध तापायला ठेवलं. ईएनटीचा नंबर माझ्या फोनमध्ये जानेवारीपासून होता, मी लावला आणि मंगळवारची वेळ घेतली. तेवढ्यात सुधन्वाने स्वतःच तनयाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला. मी थांब म्हणायच्या आत त्याने सगळं सांगून टाकलं. दोन्ही कानांचं सांगितलं, माझं सांगितलं, मूडचंही सांगितलं. मोठ्या आवाजात, एकही शब्द न गाळता, जाहिरात वाचावी तसं.

पलीकडे कुठलंसं दार लोटल्याचा आवाज आला. मग तनया बोलली, अगदी बारीक आवाजात. म्हणाली, सर, उद्या येऊ नका. मी वर बोलून बघते, पण कान लागतातच या कामाला, मी खोटं नाही सांगणार. आणि मग तिने विचारलं, मॅडम ऐकताहेत का? मॅडम, सॉरी.

सुधन्वाला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता. मी चेहरा जमेल तितका सरळ ठेवला, थोडं हसलेसुद्धा.

‘राहू दे,’ तो म्हणाला. ‘कळलं मला.’