चालत्या गाडीचं गणित

डोंबिवली स्टेशनाबाहेर टांगा ठरवला की गुप्ते मास्तर लगेच त्यात बसत नसत. आधी टांग्याभोवती एक फेरी, मग वाकून चाकाच्या आसाकडे नजर, आणि मग बरोबरच्या माणसांच्या जागा ठरवणं. "पिशवी मांडीवर नको, पायाशी ठेवा. अहो, तुम्ही पुढे या, वजनदार माणसं पुढे." चारचौघांत आपल्या वजनाचा असा उद्धार झालेला कुणाला आवडेल? पण मास्तरांना त्याचं काही नसे. सगळे बसले की टांगेवाल्याला म्हणत, "चाबूक नको. सुरुवात हळू कर, मग काय हवं तेवढं पळव." मास्तर जिना उतरताना दिसले की निम्मे टांगेवाले घोड्याला पाणी पाजायला निघून जात.

मी लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा ते आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. मुंबईला एका तांत्रिक शाळेत मेकॅनिक्स शिकवायचे. पहिल्याच आठवड्यात मी एकटीच लाकडी कपाट ढकलत होते. मास्तर दारातून ओरडले, "अगं अगं, वरून कशाला ढकलतेस? अंगावर घ्यायचंय का? खाली हात लाव, खाली!" खाली हात लावला तर कपाट मुकाट सरकलं. तेवढ्यावर थांबतील ते मास्तर कसले! घरातून पाट आणला, त्यावर पाण्याने भरलेला उंच तांब्या आणि शेजारी एक वाटी ठेवली. पाट हळू ओढला, दोन्ही जागच्या जागी. मग हिसका दिला. वाटी नुसती घसरली, तांब्या मात्र मागच्या मागे उलथला आणि माझ्या नुकत्याच सारवलेल्या ओट्यावर पाणीच पाणी.

"बघितलंस? बळ तेच, पाट तोच. बसकं असेल ते घसरतं, उंच असेल ते उलथतं. उभी असते तोवर वस्तू शहाण्यासारखी वागते गं. तिचा स्वभाव कळतो तो वेग वाढताना."

"माणसांचंही तसंच का हो?" मी आपलं विचारलं.

"माणसांचं मला ठाऊक नाही," म्हणाले, आणि पाट काखेत मारून निघून गेले. ओटा मलाच पुन्हा सारवावा लागला.

काकू, म्हणजे मास्तरांची बायको, लंगडत चालायच्या. त्याचं कारण त्यांनीच मला सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, अगदी हसत. नवं लग्न झालेलं. काकूंच्या माहेरी, कल्याणला, चालले होते. त्या काळी टांग्यात बायका मागे बसायच्या, पाठमोऱ्या. पुढे टांगेवाल्याच्या शेजारी बसायचं ते पुरुषांनी. सासूबाई, नणंद आणि अगदी कडेला काकू, अशा तिघी मागे. मागचं वजन जास्त होतंय म्हणून मास्तरांनी ट्रंक पुढे घेतली, स्वतः पुढे बसले, इकडची पिशवी तिकडे केली आणि टांगा काट्यासारखा समतोल केला. सगळ्यांना दाखवलासुद्धा. मग निघाले, आणि रेल्वे फाटकाच्या चढावर टांगेवाल्याने घोड्याला चाबूक हाणला. घोडा उसळला, टांग्याचा पुढचा भाग वर उचलला गेला आणि काकू मागच्या मागे रस्त्यावर. कमरेचं हाड मोडलं ते नीट बसलंच नाही.

"यांचं गणित बरोबर होतं हो," काकू म्हणाल्या, "गाडी तेवढी चालायला नको होती."

त्यानंतर काकू टांग्यात कधी चढल्या नाहीत. जाता येईल तिथे पायी, नाहीतर घरी. मास्तरांना त्यांनी कधी बोल लावला नाही आणि मास्तरांनीही तो विषय कधी काढला नाही. दुसऱ्यांचे टांगे मात्र जन्मभर समतोल करत राहिले. मला ते सगळं कळल्यावर स्टेशनाबाहेरची त्यांची फेरी बघून हसू यायचं बंद झालं.

मग त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, शैलाचं, डोहाळेजेवण निघालं. सासर ठाण्याला, खोपटला. काकूंना स्टेशनापासून तेवढं चालणं शक्य नव्हतं. "तुम्ही जाऊन या, माझं ओटीचं सामान न्या," त्या म्हणाल्या. तिकडून शैलाचा निरोप आला, आई येणार नसेल तर मी पाटावर बसणार नाही. संध्याकाळी काकू मला म्हणाल्या, "कुसुम, पोरीसाठी जीव तुटतो गं. पण टांगा बघितला की पाऊल मागेच वळतं, त्याला मी काय करू?"

मास्तरांनी ऐकलं असावं. रविवारी ते एकटेच ठाण्याला गेले. गणपत नावाचा एक म्हातारा टांगेवाला गाठला आणि खोपटपर्यंतच्या फेऱ्या मारल्या, कधी पुढे बसून, कधी मागे बसून. गणपतला वाटलं, माणूस कामातून गेलाय. घरी येऊन म्हणाले, "अगं, ऐकलंस का? तू पुढे बसायचंस. टांग्याने पुढे झेप घेतली की पुढचा माणूस पाठीला रेलतो आणि मागचा बाहेर फेकला जातो. पुढे बसलीस तर पडायची सोयच नाही."

"टांगेवाल्याच्या शेजारी? भर दुपारी?" काकू उसळल्या. "व्याह्यांच्या दारात अशी उतरू? आणि तुम्ही कुठे बसणार?"

"मागे. बायकांच्या जागी. हसायचं असेल त्यांनी मला हसावं."

डोहाळेजेवणाच्या दिवशी आम्ही तिघं ठाण्याला उतरलो. गणपत डोकं खाजवत म्हणाला, "मास्तर, बाईमाणूस पुढं नि तुमी मागं? सगळा स्टँड बघतोय." बघतच होता! काकूंनी पायरीवर पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. चेहरा पांढराफटक. मी खालून हात दिला, तेव्हा कुठे त्या चढल्या. मी आणि मास्तर मागे बसलो, मास्तरांच्या मांडीवर ओटीचं तबक. त्यांची आणि काकूंची पाठीला पाठ, मध्ये फक्त फळी.

"अहो," पुढून काकूंचा आवाज आला, "पडणार नाही ना मी?"

मास्तरांनी तबक मांडीवर नीट धरलं. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मी उभ्या गाडीचंच गणित केलं होतं. ती निघणार आहे, हे धरलंच नव्हतं. चूक माझी होती." हे शब्द ओठांवर यायला त्यांना एवढी वर्षं लागली. समोरासमोर असते तर कदाचित तेव्हाही आले नसते.

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. "आता निघा."

"गणपत, चाबूक नको. सुरुवात हळू कर."

टांगा असा निघाला की निघाला हे समजलंसुद्धा नाही. तबकातला तांदळाचा दाणा हलला नाही. मी मान वळवून बघितलं तर काकू डोळे गच्च मिटून बसलेल्या. तळ्याजवळ आलो तेव्हा त्यांनी ते उघडले आणि लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "अगं बाई, इथून घोड्याचे कान दिसतात की!" माझ्या शेजारी मास्तर तबक धरून रडत होते, उघड उघड, आणि मागून येणारे सायकलवाले त्यांच्याकडे टकामका बघत होते. व्याह्यांच्या गॅलरीतून बायका वाकून बघत होत्या. बघेनात का! शैला पाटावर बसली.

पुढे काकू सगळीकडे जायला लागल्या, देवळात, नातवाच्या बारशाला, अगदी माहेरीसुद्धा, आणि नेहमी पुढे बसून. मास्तरांना मात्र फार वर्षं मिळाली नाहीत. एका सकाळी शाळेत जायला निघाले, चपला घालायला वाकले आणि गेले.

आळीतले तरुण जमले. शैला आली, भटजी आले. ऊन वाढत होतं, सगळ्यांनाच घाई. चौघे तिरडी उचलायला वाकले, एकाने जोर करायला म्हणून हाताला थुंकीही लावली. काकू तोवर भिंतीला टेकून नुसत्या बसून होत्या. त्या एकदम उठल्या आणि लंगडत उंबऱ्यापाशी आल्या.

"थांबा रे. हिसका देऊ नका. सुरुवात हळू करा."

पुढचं वाक्य त्यांना बोलवेना. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनी मिळून मास्तरांना उचललं, हळू, अगदी हळू, छातीवर भरलेला तांब्या ठेवला असता तरी थेंब सांडला नसता.