हात मागे बांधून

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक सिंधी गृहस्थ होता. वाक्य हिंदीत सुरू करून मराठीत संपवायचा, तेही बहुधा दातांत स्क्रू धरून.

व्हायरसमुळे आमचा कॉम्प्युटर तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा बाबा म्हणाले, "माझंच काहीतरी चुकतं. मी नाही बसणार आता त्याच्यापुढे."

अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या बाबांना त्यावर बुद्धविहाराच्या कामाची पत्रं लिहायची होती. मी त्या गृहस्थाला बदलापूरला घरी बोलावलं आणि विंडोजऐवजी सहसा व्हायरस न लागणारं लिनक्स, तेही स्क्रीनवर खिडक्या गरगर फिरणारं, टाकायला सांगितलं.

"चलानेवाला कौन, तू की अंकल?" त्याने विचारलं.

लिनक्सच्या तीन वेगवेगळ्या प्रकारांच्या, नुसत्या लावून बघता येणाऱ्या सीडी त्याने आणल्या होत्या. एकेक लावून तो बाबांना समोर बसवायचा आणि स्वतः हात मागे बांधून उभा राहायचा. पहिल्यात अक्षरं फार बारीक होती. दुसऱ्यात बाबा इंग्रजी मेनूत अडकले. मी माउस घ्यायला पुढे झालो, तर त्याने माझा दंड धरला.

"रुक ना. शोधू दे त्यांना."

तिसऱ्याचा मेनू मराठीत होता. बाबांनी मोठ्याने वाचलं, "कचरापेटी!" आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसले.

"अंकल, हाच ठेवू ना?" त्याने मला नाही, बाबांना विचारलं.

बाबांनी पुढे वर्षानुवर्षं त्यावर पत्रं लिहिली. त्या गृहस्थाचं दुकान नंतर उठलं. मला मात्र अजून आठवतं, की त्या दुपारपर्यंत मी दरवेळी बाबांच्या हातातून माउस काढून घेत होतो.