रेघ कशानं उसळली

माझं शुद्धलेखन चुकतं, अक्षर वाकडं येतं. चौथीनंतर पेन हातात धरला तो आता, पोरीच्या उरलेल्या वहीत. कोणाच्या हाती ही वही पडली तर माफ करावं. तोंडानं हे मी कोणालाच सांगू शकले नाही.

त्यांनी माझ्या नाकाला बूट लावला.

मी जागी होते. सौंसरच्या शाळेत, दोन बाकं जोडून त्यावर उताणी. डोक्याला पांढरा चिकट मलम, त्यात वायरी. हलायचं नाही, बोलायचं नाही, डोळे मिटायचे. मी मिटले. मग चामड्याचा आणि घामाचा वास आला. डोळे उघडले तर काळा बूट. त्याच्यामागे पंधरा-वीस माणसं वाकून पाहत होती. माझ्याकडे नाही, यंत्राच्या काट्यांखाली सरकणाऱ्या कागदाकडे.

"उसळली बघा रेघ," कोणीतरी म्हणालं.

मला मिरगी आहे. नवरा वारला त्या वर्षी सुरू झाली. घरात सासू, मी आणि दुसरीतली पोरगी. पांढुर्ण्याच्या मंडीत मी पेट्यांत संत्री भरायची. दोनदा पेट्यांवरच पडले. मुकादम म्हणाला, "बाई, तू मरशील अन् जेलात मी जाईन. गोळ्या चालू कर, मंगच ये." गोळ्या नागपूरला मिळत. तिकिटालाही पैसे नव्हते.

तेव्हाच कळलं की नागपूरहून मेंदूचे डॉक्टर, त्यांचे विद्यार्थी आणि कम्प्युटरवाले इंजिनिअर येणार. तीन दिवस शाळेतच राहणार. गट पाडून, रात्रंदिवस एकत्र बसून, मिरगीची रेघ आपोआप ओळखेल असं स्वस्त यंत्र बनवणार. त्यासाठी त्यांना मिरगीची माणसं पाहिजे होती. तिसऱ्या दिवशी वर्षभराच्या गोळ्या फुकट. मजुरी बुडते म्हणून पंचवीस रुपये आधीच हातावर. मी कागदावर सही केली. अंगठा नाही, सही. त्याच दिवशी त्या पैशांचे तांदूळ, तेल आणि पोरीची चप्पल आली.

चष्मेवाल्या डॉक्टरनं आधी सगळं विचारून घेतलं. "झटका आला की घरचे काय करतात, ताई?"

इतक्या मऊ आवाजात मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मी खरं सांगितलं. सासू चप्पल हुंगवते. त्यानं लिहून घेतलं. मला वाटलं, माझ्या इलाजासाठी लिहितो आहे. चुकले ती तिथेच.

तासाभरानं त्याच्या गटाला वाटलं, चप्पल हुंगवून मेंदूत खरंच काही होतं का, ते बघावं. मला कोणी विचारलं नाही. त्यानं पायातला बूट काढला.

"काढा," मी म्हणाले.

शिबिराची व्यवस्था पांढुर्ण्याच्या एका कापडवाल्या शेठकडे होती. तो दारात उभा होता. म्हणाला, "असू दे न बाई. तुमच्या लोकाईले चामड्याचा वास काय नवा हाय?"

सगळे हसले. एक शिकणारी मुलगी तेवढी खाली पाहत होती.

चष्मेवाला म्हणाला, "रेघेपुढे लिही, बूट."

माहेरी, रामाकोन्यात, माझ्या बापानं मेलेली ढोरं ओढणं सोडलं, म्हणून मार खाल्ला. त्यानंच मला चार वर्षं शाळेत धाडलं. त्याची मुलगी शाळेतच बाकावर पडून होती. मी दात आवळले होते. रडू गिळत होते. रेघ त्यामुळे उसळली. आठ काट्यांच्या यंत्राला ते कळलं नाही, आणि यंत्रवाल्यांनाही नाही.

घरी पोरीनं विचारलं, "आई, देल्या का गोळ्या?"

"परवा देतीन."

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. हे लिहायला सगळ्यात जड जातं. मी परत गेले.

त्या दिवशी मोठे डॉक्टर आले होते. चष्मेवाला त्यांना म्हणाला, "सर, कालचं पुन्हा दाखवतो." बूट काढून त्याचा एक पाय नुसत्या मोज्यावर आला होता.

मी उठून बसले. वायरी ओढल्या. वायरींबरोबर केसही निघाले.

"ताई, एक मिनिटाचं तर काम आहे."

"तुमच्या नाकाले लावा. तुमची बी रेघ पाहा."

कोणी हसलं नाही. शेठ पुढे आला. "पैसे घेतले तवा लाज नाई वाटली? जाशीन तं गोळ्या नाई भेटणार."

"नोका देऊ. पैसे आणून देतो."

केसांत मलम तसाच घेऊन मी गावच्या बसमध्ये बसले. मलम पाहून शेजारची बाई उठून उभी राहिली.

त्या आठवड्यात मी दोनदा पडले. मंडीचं काम बंदच. शेतात पऱ्हाटी, कापसाची वाळली झाडं, उपटायला जाऊ लागले. पोरीला शिकवलं, मी पडले की कुशीवर कर, तोंडात काही घालू नको, आणि आजी चप्पल घेऊन आली तर तिचा हात धर. सात वर्षांची पोर. तिनं धरला. सासू म्हणाली, "पोट्टी लय डॉक्टर झाली." पण चप्पल खाली ठेवली.

शेठच्या दुकानी पाच-पाच रुपये नेले. पहिल्यांदा तो म्हणाला, "ठेव, तुले कामी येतीन." मी नोट कापडावर ठेवून आले. दर वेळी भीती वाटायची, इथेच झटका आला तर काय करतील. पायरी उतरेपर्यंत मी दाराची चौकट धरून ठेवायची.

काल पाचवी नोट दिली.

"झाले का पंचवीस?" मी विचारलं.

"झाले."

"मंग त्या डाक्टराईले चिठ्ठी लिवा. माह्या रेघेपुढचं बूट खोडा म्हना. तिथं लिवा, बाईले राग आला होता."

तो कापडाचं थान गुंडाळत राहिला. मी म्हणाले, पुढच्या बाजारी पुन्हा विचारायला येईन.

पैसे पूर्ण दिले. त्यांचं माझ्याकडे आता काही नाही. माझी रेघ त्यांच्याकडे आहे. ती मी मागणार.