रूथला दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, पाळकसाहेबांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय. पण सहानुभूती नको. माझा मलाच संताप आलाय.

शरणपूर रोडवरच्या आमच्या चर्चच्या मंडळीत माझी प्रार्थना नावाजलेली. कुणाची घरभरणी असो, कुणाचं दुखणं असो, बोलावणं मलाच. मी डोळे मिटून सुरुवात केली की बायका डोळ्यांना पदर लावतात. आवाज माझ्या वडिलांचा, शब्दही त्यांचेच. आणि देव? — तो मला कधी जाणवलाच नाही. तो नाही, असं मी म्हणत नाही. पण तिकडून काही येत नाही. तोंड मात्र चालू असतं, सवयीने.

घरीही रोज संध्याकाळी सतरंजी अंथरून आम्ही प्रार्थनेला बसायचो. आधी मी, मग बायको, शेवटी आमची एकुलती एक रूथ. दहावीनंतर ती दृढीकरणाच्या वर्गाला जाऊ लागली. मंडळीपुढे उभं राहून 'हा विश्वास माझा स्वतःचा आहे' असं सांगायचं, त्याची ती तयारी. एका दुपारी मी मोरीत द्राक्षं धूत होतो. ती दारात येऊन उभी राहिली.

"पप्पा, प्रार्थना करताना तुम्हाला खरंच कुणी उत्तर देतं? मला तर काहीच ऐकू येत नाही."

इतका सरळ प्रश्न किती बापांच्या वाट्याला येतो? 'मलाही नाही गं' — एवढंच म्हणायचं होतं. जीभ झडली असती का माझी?

"मला रोज उत्तर मिळतं," मी म्हणालो. "तुझंच मन शुद्ध नसेल."

तिने ते खरं धरलं. पोरगी उपास करायला लागली. कॉलेजात चक्कर येऊन पडली. कधीकाळी केलेली चहाडी आठवून मैत्रिणीच्या घरी रडत माफी मागायला गेली. मी सगळं बघत होतो. मंडळीतले म्हणायचे, संस्कार असावेत तर असे! आणि मी — निर्लज्ज माणूस — मान डोलवायचो.

आता ती पुण्यात नोकरी करते. चर्चला जात नाही. आमच्याकडे प्रार्थनासभा असली की बाया 'हरवलेलं लेकरू' म्हणून तिच्यासाठी गळा काढतात. तळपायाची आग मस्तकात जाते माझी. हरवलं कोण — ती? तिने एक शब्द खोटा बोललेला नाही! पण हे मी बोलतो का? नाही. सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' माझंच असतं.

या नाताळात ती घरी आली होती. परत निघायच्या सकाळी, बॅग भरून झाल्यावर, माझ्याजवळ येऊन बसली.

"पप्पा, मी खूप प्रयत्न केला हो. माझ्यातच काहीतरी कमी आहे. मला क्षमा करा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि तिला क्षमा केली.