‘नुसती बस’ म्हणणाऱ्या अक्का

अक्का लहान मुलाशी उभ्यानं कधी बोलल्या नाहीत. आधी खाली बसायच्या, मग बोलायच्या. गुडघे दुखायचे, बसताना भिंतीला हात लावावा लागायचा. उठताना “वढा रं मला” म्हणायच्या आणि पाच-सहा पोरं मिळून त्यांना ओढायची. विट्याजवळच्या आमच्या गावात त्या अंगणवाडी सेविका होत्या. त्यांना नाव होतं, पण ते फक्त हजेरीच्या वहीत. गावाला त्या अक्का.

बारावी झाल्यावर मला लहान मुलांना शिकवायचं आहे, एवढंच ठाऊक होतं. कुठल्या वाटेनं, ते कळत नव्हतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान चालवतात. ते फोनवर म्हणाले, “डी.एड. कर. दोन वर्षं जातील, पण सरकारी शाळेचं दार उघडं राहील.” साताऱ्याच्या मावशीनं सांगलीचा बालशिक्षणाचा एक वर्षाचा कोर्स सुचवला. आईचं म्हणणं वेगळंच. अक्कांच्या हाताखालची मदतनिसाची जागा रिकामी झाली होती. घरी राहशील, काम करता करता शिकशील, असं ती म्हणायची.

तिन्ही फॉर्म घेऊन मी अक्कांकडे गेले. त्यांनी ते बघितलेही नाहीत.

“फॉर्म मागनं भर. आदी पंधरा दिस हितं यिऊन बस. काय करू नको. नुसती बस.”

ते पंधरा दिवस आठवले की अजून सुखानं डोळे मिटावेसे वाटतात. दारातून पठारावरच्या पवनचक्क्या संथ फिरताना दिसायच्या. पोरं एका वाटीतले मूग दुसरीत ओतायची, सांडायची, एकेक वेचायची. खिचडीचा वास खोलीभर हिंडायचा. खिडकीतून उन्हाचा एक चौकोन आत यायचा आणि फरशीवरून हळूहळू सरकायचा. धनगरवाड्यातला बिरू रोज त्या चौकोनात बसायचा. ऊन सरकलं की तोही सरकायचा. बोलायचा मात्र कुणाशीच नाही. मी चित्रं दाखवून त्याला बोलतं करायला निघाले, तर अक्कांनी नजरेनंच थांबवलं. मग त्या स्वतः त्याच्याशेजारी उन्हात जाऊन बसल्या. असं सहा दिवस. सातव्या दिवशी तो आपणहून म्हणाला, “आमची मेंढरं लांब गेल्यात.”

“कवा येनार?”

“पाऊस पडला की.”

एवढंच. पण माझं त्या दिवशी ठरलं.

“अक्का, मी मदतनीस होते. तुमच्याकडंच शिकते.”

मला वाटलं, खूश होतील. झाडलोट, खिचडी, वह्या, सगळं त्या एकट्या ओढत होत्या. पण सतरंजीची घडी घालता घालता त्या थांबल्या.

“तू आलीस तर मला लय बरं वाटंल गं. पन तू माज्यासारकीच शिकशील. माज्या चुका घिऊन.” मग खाली बघत म्हणाल्या, “पयल्या वर्सी एक डावरी पोरगी हुती. वळण लागावं म्हणून मी तिचा डावा हात रुमालानं बांधून ठेवायची. आठ दिस. नवव्या दिशी ती आली न्हाई. परत कवाच आली न्हाई. मला कुनी सांगितलंच न्हवतं गं.”

त्यांनी सतरंजी कोपऱ्यात ठेवली.

“डी.एड. वाईट न्हाई. पन तितं पयलीपासनं म्होरची पोरं. तुजा जीव तर ह्या तीन वर्साच्या पोरात. सांगलीला जा. अर्धा दिस वर्ग, अर्धा दिस बालवाडी, असं हाय म्हनं.”

आण्णांना फोनही त्यांनीच केला. “आवं आण्णा, सरकारी शाळंचं दार ती मागनं बी उघडंल. आदी आवडीच्या दारातनं आत तर जाऊ द्या.” आण्णा कुरकुरले, पण कबूल झाले.

सांगलीला गेल्यावर दर रविवारी अक्कांचा फोन यायचा. “ह्या हप्त्यात काय शिकिवलं?” मी सांगायची, त्या लिहून घ्यायच्या आणि सोमवारी पोरांबरोबर करून बघायच्या. तो कोर्स आम्ही दोघींनी मिळून केला, असंच म्हणायला हवं. मुगाच्या ओताओतीनं मनगट तयार होतं आणि तोच हात पुढे लिहायला लागतो, हे सांगितलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “म्हंजे मी ह्ये बरोबर करत हुते?” डावखुऱ्या मुलांचा पाठ झाला, त्या रविवारी मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. त्यांना ते कळलं असावं. “सांग,” त्या म्हणाल्या. “सगळं सांग.”

कोर्स झाला, मी कराडला एका बालवाडीत लागले. पुढच्या वर्षी अक्का निवृत्त झाल्या आणि एके दिवशी एसटीनं माझा वर्ग बघायला आल्या. दिवसभर मागं बसून होत्या. मी आपली सगळी कला दाखवत होते. संध्याकाळी स्टँडवर त्या म्हणाल्या, “वर्ग झ्याक हाय. पन ती निळ्या रिबिनीची पोरगी हाय न्हवं? तू दोनदा हाक मारलीस. तिनं आदी शेजारणीकडं बगितलं, मग तुज्याकडं. तिला आयकू येत नसंल.”

सहा महिने मी त्या मुलीच्या वहीत ‘लक्ष नसते’ असं लिहीत होते. काही बोलायच्या आत गाडी लागली. अक्का चढल्या आणि खिडकीतून हात हलवत गेल्या.

तपासणीत निघालं, एका कानानं जवळजवळ काहीच नाही, दुसऱ्यानं थोडंसं. तिला कानाचं मशीन मिळालं. मशीन लावून ती पहिल्यांदा वर्गात आली, त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी अक्कांना फोन केला.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “आता तिला मोठ्यानं हाक मारू नगं. हळू मार.”