सहाही फोटोत कॅलेंडर

माह्या भावाले, चंपतले, लोक तापट म्हणतात. म्हणू द्या! त्याच्या जागी मी असती तं कॅमेरा अमृतरावाच्या टकुऱ्यात हाणला असता.

मुधोळात अमृतरावाचा फोटो स्टुडिओ. चंपत तिथं बारा वर्षं फोटो काढे. पंच्याण्णव साली मालकानं हैदराबादवरून आपोआप फोकस घेणारे दोन कॅमेरे आणले, एक नवाकोरा, एक कोणाचा तरी वापरून टाकलेला. नवा माणसाले झटक्यात धरे, बाजूले उभं असलं तरी. जुना मात्र मधोमध जे दिसन तेच धरे. तिथं कोरी पांढरी भिंत आली की घर्रर्र घर्रर्र, भिंग पुढं-मागं, अन् खटका दबेचना. हातानं फोकस करावं म्हणलं तं त्याची कडी कवाचीच जाम.

आता वाटणी पाहा. नवा पाटला-देशमुखांच्या लग्नाले, अन् जुना आमच्या बौद्धवाड्यात. आमच्या लग्नात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यात, मागं चुन्याची भिंत. काय दिसन बापा त्या आंधळ्याले?

माह्या लग्नाच्या दिवशी नवा कॅमेरा कपाटात रिकामा पडून होता. आमची माय भागीरथा थकली होती, जन्मात तिचा एक फोटो नव्हता. चंपतनं मालकाले हात जोडले. मालक म्हणे, "उद्या देशमुखाकडं लग्न हाय, सेल उतरतीन."

माय पांढरं लुगडं नेसून माह्याजवळ उभी राह्यली. चंपतनं सहा फोटो काढले. सहाही फोटोत कॅमेऱ्यानं आमा दोघींच्या मधून मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर धरलं. त्याच्यावरची तारीख वाचून घ्या, मायचं तोंड म्हणजे नुसता धूर. दीड महिन्यात माय गेली. आग लागो त्या कॅमेऱ्याले!

मंग महिन्याभरानं एका दुपारी चंपत मालकाले न सांगता दोन्ही कॅमेरे घेऊन मायच्या घरी आला. तीच भिंत, तेच कॅलेंडर. मले अन् माह्या नवऱ्याले पांढऱ्या कपड्यात उभं केलं, दोन्हीनं एकएक फोटो काढला. नव्यात माह्या पापण्या मोजून घ्या. जुन्यात पुन्हा कॅलेंडरच. ते दोन फोटो त्यानं मालकाच्या काउंटरवर आपटले. मी सोबतच होती.

"नवा रिकामा होता, मी मांगतला, तुमी देला नाई. काऊन?"

मालक हासला. "चंपत्या, कॅमेरा काय जात पाहते का रे?"

"कॅमेरा नाई पाहत, मालक. तुमी पाहून देता."

दुकानातले गिऱ्हाईक वळून पाहू लागले. अमृतरावाचं हासणं जिरलं. त्यानं कपाटातून नवा कॅमेरा काढून पुढं सरकवला.

"बरं बाबा, घेऊन जाय. मायचा फोटो काढून आण, फुकट धुवून देतो."

चंपतनं कॅमेऱ्याले हात लावला नाई. "मालक, मागच्या महिन्यात चार दिवसाची सुट्टी मी कशाले मांगतली होती?"

अमृतराव डोकं खाजवत राह्यला. त्याले आठवलंच नाई.