कांद्याचं चीज

मला माझ्या साडूचा हेवा कधीही वाटला नाही. (हे वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं, तेव्हा ती तोंडाला पदर लावून आत निघून गेली. खोकला असावा.)

साडू म्हणजे त्र्यंबकराव, माझ्या थोरल्या मेहुणीचे यजमान. ते धुळ्याला कचेरीत कारकून आणि मी जळगावला एका जिनात कारकून. फरक इतकाच की त्यांच्या कचेरीत गोरा साहेब होता आणि माझ्या जिनात नुसता कापूस. त्यामुळे पहूरला सासुरवाडीस गेलो की त्यांना गादी आणि मला सतरंजी! सासऱ्यांना आम्ही आबा म्हणत असू. केळी-कापसाचे मोठे बागाईतदार, माणूस दिलखुलास. पण तोंड उघडलं की आधी त्र्यंबकरावच बाहेर पडायचे.

त्या हिवाळ्यात आबा धुळ्याहून परस्पर आमच्याकडे उतरले. पायांवर पाणीही न घेता म्हणाले, "जवाईबापू, त्रिंबकरावानं मले कांदा खाऊ घातला!"

"कांदे आपल्याकडेही आहेत की, आबा."

"तसा नही! साहेबाच्या खानसाम्याकडून शिकला तो. कांद्यावर विलायती खरवसावानी काहीतरी घातलं, डब्यात भाजलं. घास तोडला का तार निंघे. अशी!" आणि आबांनी दोन्ही हात फाकवून तार दाखवली. (हात आणखी लांब असते तर तार थेट मनमाडला पोचली असती.)

"त्याला चीज म्हणतात," मी म्हणालो.

"दाजींच्या हाताला चवच आहे मुळी," बायको म्हणाली.

झालं! "त्यात काय मोठंसं? रविवारी मी करतो!" हे शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडले.

आता माघार घेणं अशक्य होतं, कारण प्रश्न नुसत्या कांद्याचा नव्हता. धाकट्या मेहुणीसाठी अमळनेरला स्थळ बघायला जायचं होतं, आणि बरोबर कुठल्या जावयाला न्यायचं हे आबांनी अजून ठरवलं नव्हतं. त्या बैठकीत आबांच्या शेजारी लोडाला टेकून त्र्यंबकराव बसलेत, या नुसत्या कल्पनेनं मला जेवण जाईना.

लढाईचे दिवस. साखर मिळायची मारामार, तिथं चीज कोण देतो? शेवटी भुसावळच्या एका गोवेकर गार्डाला केळ्यांचा घड नेऊन दिला, तेव्हा त्यानं एक सीलबंद डबा माझ्या हातावर ठेवला. घासलेटच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याची भट्टी केली; खाली निखारे, वर निखारे. रविवारी सकाळी परसात, लिंबाखाली, मी धोतर खोचून सज्ज झालो. आबा समोर बाजेवर बसले. डोक्यावर पांढराशुभ्र फेटा.

भट्टीत कांदे ठेवले. आता चीज! डबा उघडायला घेतला, तर तो उघडेना. विळी लावली, विळीचं पातं वाकलं. अडकित्ता लावला, अडकित्त्यात बोट आलं.

"त्रिंबकरावाजवळ डबा उघडाची चावी व्हती," आबा म्हणाले.

माझी कानशिलं तापली. तापली, आणि त्या तापातच मला युक्ती सुचली.

"लोणच्याच्या बरणीचं झाकण बसलं तर आपण काय करतो? शेकतो! तसाच हा डबा शेकायचा."

"अहो, बंद डबा निखाऱ्यात?" बायको ओरडली.

"शास्त्र आहे ते! तुझ्या दाजींना नाही कळायचं!"

मी डबा कांद्यांच्या मधोमध ठेवला आणि ऐटीत बाजेशी येऊन उभा राहिलो.

मग जे झालं त्याला आवाज म्हणणं म्हणजे त्या आवाजाचा अपमान! भट्टीचा पत्रा शेजाऱ्यांच्या कौलांवर गेला. कांदे चहूकडे उधळले. आणि चीज? माझ्या कष्टांचं सगळं चीज लिंबाच्या फांद्यांवर, वाळत घातलेल्या लुगड्यावर आणि आबांच्या फेट्यावर झालं होतं! फेट्यापासून मिशीपर्यंत एक पिवळी तार लोंबत होती. (त्र्यंबकरावांच्या तारेपेक्षा ती नक्की लांब होती. पण त्या वेळी हे बोलून दाखवणं मला प्रशस्त वाटलं नाही.)

"बाँब! बाँब!" शेजारच्या काकू किंचाळल्या. चळवळीचे दिवस, सायकलची ट्यूब फुटली तरी पोलीस चौकशीला यायचे. हवालदार काठी आपटत परसातच शिरले.

"बाँब कोणी केला?"

"साहेब, कांदा आहे," मी म्हणालो.

"कांदा फुटतो?"

"चीज फुटलं."

"कुठली चीज?"

"तीच चीज, साहेब!"

हवालदारांनी लुगड्याचा वास घेतला आणि नाक धरून मागे सरले. "हे दारूगोळ्याचंच काम आहे. चला चौकीवर!"

बायको रडायला लागली. आबा मात्र शांतपणे उठले. राखेतला एक काळाठिक्कर कांदा उचलला, साल सोलली, मुठीनं फोडला, बायकोकडून तेल, तिखट, मीठ मागून घेतलं आणि हवालदारांच्या हातावर ठेवला. "खाऊन पाहा. बाँब असा गोड लागते का?"

हवालदारांनी खाल्ला. दुसरा मागितला. काठी बाजेला टेकवून म्हणाले, "बरं, सोडतो. पण हा उद्योग तुम्हाला शिकवला कोणी?"

मला संधी दिसली. "आमच्या साडूंनी! धुळ्याचे त्र्यंबकराव! पदार्थ मुळात त्यांचा!"

"नही, हवालदारसाहेब!" आबा मिशीवरचं चीज पुसत कडाडले. "त्रिंबकरावाचं नाव यात आनू नका. त्याच्या हातून असं जनमात व्हनार नही. हे बठ्ठं आमच्या जळगावच्या जवायाचं, एकट्याचं काम!"

अमळनेरला अर्थात त्र्यंबकरावच गेले. पण ते अजून कुरकुरतात, की त्या बैठकीत त्यांना कुणी एक शब्द विचारला नाही. आबा दिवसभर माझ्याचबद्दल बोलत होते, आणि मुलाकडची मंडळी पोट धरधरून ऐकत होती!